आरंभ कसा पाहावा

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो आढावा कार्यवाहांनी आपल्या अहवालात उत्तम रीतीने घेतला आहे. त्याची पुनरुक्ती करून मी आपला वेळ घेणार नाही. मी आज एका तक्रारीविषयी बोलणार आहे. गेल्या वर्षी एका पालकांनी मुलाच्या दैनंदिनीत दोन ओळी लिहून पाठवल्या. शाळेत मारामारीचा चित्रपट दाखवला असे मुलगा सांगतो, हे खरे आहे काय, आणि खरे असल्यास तो कोणत्या विषयाच्या तासाला दाखवला, असा त्यांचा प्रश्न होता.

ते खरे होते. चित्रपट 'शोले' होता, तास मराठीचा होता, आणि दाखवणारी मी स्वतः होते. त्या दोन ओळींना मी तेव्हा दिलेले उत्तर त्रोटक होते. आज पालक आणि माजी विद्यार्थी एकत्र बसले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर द्यावे असे वाटते.

गोष्ट सुरू झाली ती स्नेहसंमेलनापासून. नववीच्या काही मुलांनी संमेलनासाठी मोबाइलवर एक लघुपट तयार केला होता. मैदानावरून सुरू होणारा सायकलींचा पाठलाग, पाण्याच्या टाकीमागे झटापट, शेवटी चोर सापडतो, असा एकंदर बेत. मुलांनी चार रविवार खर्ची घातले होते. पण पडद्यावर चार मिनिटे सायकली धावल्या आणि सभागृहातील कोणालाही कळले नाही की कोण कोणाच्या मागे आहे. एका क्षणी तर चोरच शिपायाचा पाठलाग करतो आहे असे दिसू लागले आणि सभागृहात हशा पिकला. मुले हिरमुसली. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "बाई, आम्ही सगळं नीट केलं होतं. मग चुकलं कुठे?"

मी तीस वर्षे निबंध तपासते आहे. आपल्या मनात जे स्वच्छ आहे ते वाचणाऱ्याच्या मनात पोहोचत नाही, हा रोग मला परिचयाचा होता. औषध तेवढे वेगळे शोधायचे होते. म्हणून मी ठरवले की ज्या चित्रपटाचा आरंभ भल्याभल्यांनी वाखाणला आहे, तो या मुलांबरोबर बसून धड्यासारखा वाचायचा.

'शोले'च का, असे आपण विचाराल. पहिले कारण असे की त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढे काय होणार ही उत्सुकता संपली की ते कसे घडवले आहे याकडे लक्ष जाते. दुसरे कारण आपल्या गावाचे आहे. त्यातल्या राधेची भूमिका करणाऱ्या जया भादुरी यांचा जन्म आपल्या जबलपूरचा. त्यांचे वडील तरुणकुमार भादुरी पत्रकार होते आणि चंबळच्या दरोडेखोरांवर त्यांनी 'अभिशप्त चंबल' हे पुस्तक लिहिले. गब्बरच्या भूमिकेची तयारी करताना अमजद खान यांनी ते पुस्तक अभ्यासले होते. खलनायकालाही गृहपाठ करावा लागतो, हे ऐकून आमचा वर्ग फार खूश झाला!

आम्ही आरंभीची वीसेक मिनिटे चार वेळा पाहिली. पहिल्यांदा सर्वसामान्य प्रेक्षकासारखी. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, केवळ ऐकत. आणि चौथ्यांदा हातात खडू घेऊन, दृश्य बदलले की फळ्यावर एक रेघ ओढत. या चार पाहण्यांतून जे हाती लागले ते सांगते.

प्रारंभी एका लहानशा स्थानकावर आगगाडी येते. एक पोलीस अधिकारी उतरतो, त्याला न्यायला रामलाल आलेला असतो, आणि दोघे घोड्यांवरून निघतात. त्यांच्या या वाटचालीवर श्रेयनामावली उमटत राहते. राहुलदेव बर्मन यांचे संगीत चालू असते, जवळजवळ कोणी काही बोलत नाही. मुलांना पहिल्यांदा हा भाग कंटाळवाणा वाटला. आवाज बंद करून पाहिला तेव्हा एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, इथे आपल्याला गाव दाखवतायत." तिचे बरोबर होते. स्थानक गावापासून दूर आहे, मधे खडकाळ उजाड मुलूख आहे, मदत मागितली तर ती लवकर पोहोचणार नाही, आणि या मुलखात साधीसुधी माणसे राहतात, हे सारे एका शब्दाविना आपल्याला कळून चुकते. पुढे दरोडेखोर गावावर येतात तेव्हा आपल्याला भीती वाटते, कारण त्या वाटेवरून आपण आधीच एकदा गेलेलो असतो.

हे गाव बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत मुद्दाम उभारलेले होते, आणि कलादिग्दर्शक होते राम येडेकर. हे नाव मी फळ्यावर लिहिले तेव्हा वर्गात थोडी कुजबुज झाली. मराठी आडनाव पाहून मुले सावरून बसली. मग त्यांनी श्रेयनामावली पुन्हा लावायला सांगितली आणि स्वतःच आणखी नावे शोधून काढली. विजू खोटे आणि सचिन ही त्यांच्या ओळखीचीच होती. एक नाव मात्र कोणालाच माहीत नव्हते: संकलक एम. एस. शिंदे. त्यांच्याकडे मी नंतर येते.

अधिकारी ठाकूरच्या वाड्यावर पोहोचतो. ठाकूर बलदेव सिंह अंगावर शाल पांघरून उभा आहे. तो दोन माणसांविषयी बोलतो आणि मग आपल्याला जुनी हकीकत दिसते. मालगाडीतून तो जय आणि वीरू या दोन कैद्यांना नेत असताना दरोडेखोर चाल करून येतात. या हकीकतीत ठाकूरच्या हातात पिस्तूल आहे आणि ते हात सराईतपणे चालतात. वाड्यावरच्या प्रसंगात मात्र शालीबाहेर हात येत नाहीत. ते का येत नाहीत याचा उलगडा चित्रपट बराच पुढे सरकल्यावर होतो. शाल आणि हात, दोन्ही गोष्टी आरंभीच आपल्यासमोर ठेवलेल्या असतात. काहीही लपवलेले नसते, तरी आपल्याला दिसत नाही.

येथे मला माझा जुना अभ्यास उपयोगी पडला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या पाच संधी सांगितल्या आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. यांतल्या पहिल्या संधीत, म्हणजे मुखसंधीत, बीज पेरायचे असते. बीज लहान असते, पेरताना कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. परंतु शेवटी जे फळ येते ते त्याचेच असावे लागते. एम.ए.च्या परीक्षेसाठी मी हे पाठ केले होते. ते समजले मात्र नववीच्या वर्गात, ठाकूरची शाल पाहताना, हे मोकळेपणाने कबूल करते.

दुसरे बीज नाण्याचे आहे. मालगाडीवरच्या झुंजीत ठाकूर जखमी होतो. जय आणि वीरू यांच्यापुढे प्रश्न पडतो की पळून जावे की या पोलिसाला रुग्णालयात न्यावे. जय नाणे उडवतो. छापा पडतो आणि ते ठाकूरला घेऊन जातात. प्रेक्षकाला वाटते, नशिबाने ठाकूर वाचला. त्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना छापाच आहे, हे चित्रपटाच्या शेवटी कळते. म्हणजे निर्णय नाण्याने केलाच नव्हता. आरंभीच एका माणसाचा स्वभाव आपल्यापुढे उघड झाला होता आणि आपण त्याला योगायोग म्हणत राहिलो. वर्गात हे बोलून झाल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही. निबंधाचा पहिला परिच्छेद कशासाठी असतो, हे मला पुन्हा सांगावे लागले नाही.

आता त्या मारामारीकडे वळते, कारण तक्रार तिच्याविषयीच होती. खडूच्या रेघांचा प्रयोग येथे फार बोलका ठरला. घोड्यांच्या वाटचालीत फळ्यावरच्या रेघा सावकाश वाढत होत्या. गाडीवरचा हल्ला सुरू झाला आणि रेघा ओढणाऱ्या मुलाचा हात पुरेना, खडू मोडला. चाके, घोड्यांचे पाय, बंदूक, चेहरा, पुन्हा चाके. प्रत्येक तुकडा पळभराचा. एवढे असूनही कोण गाडीत आहे, कोण टपावर आहे, दरोडेखोर कोणत्या बाजूने येत आहेत, याविषयी गोंधळ होत नाही. का होत नाही? मुलांनी स्वतःच शोधले. मधूनमधून एक दूरचे दृश्य येते आणि सारे रणांगण पुन्हा एकदा दाखवून जाते. जवळचे दृश्य आवेग देते, दूरचे दृश्य पत्ता देते. शिवाय चित्रीकरणात एक साधा नियम पाळावा लागतो. धावणाऱ्या दोघांच्या मार्गाची एक काल्पनिक रेषा धरायची आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा. तो पलीकडे गेला की डावीकडून उजवीकडे धावणारा माणूस पडद्यावर उलटा धावू लागतो. हे सांगितले मात्र, आणि मागच्या बाकावरून उद्गार आला, "बाई, आमचा चोर म्हणून उलटा पळाला!" चार रविवारांचे कोडे अशा रीतीने सुटले.

पाठ करून ऐकण्याच्या प्रयोगात रेल्वे वसाहतीत राहणारी एक मुलगी सर्वांत पुढे होती. गाडीने वेग कधी घेतला, हे तिने न पाहता सांगितले. लहानपणापासून तो आवाज तिच्या कानांत आहे. मुक्क्याचा आवाज मुक्क्यासारखा नसतो, हेही मुलांच्या ध्यानात आले. मग त्यांनी शाळेच्या उशा, ओला टॉवेल आणि जुनी वह्यांची चळत घेऊन तसे आवाज काढण्याचा सपाटा लावला. त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर जे धपाटे ऐकू येत होते, ते शिक्षकांचे नव्हते, याची ग्वाही मी देते!

पालकहो, आपली चिंता मला समजते. मुलांनी हिंसा पाहू नये असे मलाही वाटते. परंतु ती त्यांच्या हातातल्या फोनवर रोज येते आहे आणि त्या वेळी आपण त्यांच्या शेजारी नसतो. पडद्यावरचा ठोसा म्हणजे दोन तुकडे आणि उशीचा एक आवाज, हे ज्या मुलाने स्वतः करून पाहिले, त्याला त्या ठोशाची भुरळ पूर्वीसारखी पडत नाही. तो विचारतो, हे मला का दाखवले जात आहे? हा प्रश्न त्याने पुढे जाहिरातीला विचारावा, बातमीला विचारावा, भाषणालाही विचारावा. त्यासाठी मराठीच्या तासातले काही तास गेले असतील, तर ते मराठीच्याच खात्यात जमा आहेत असे मी मानते.

हे शास्त्र आपल्याला परकेही नाही. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखवली गेली. त्यांतही एक आगगाडी स्थानकात येत होती. त्यानंतर तीनच वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत एका कुस्तीचे चित्रीकरण केले. झुंज पडद्यावर आणण्याची आपल्याकडची ही सुरुवात एका मराठी माणसाच्या हातची आहे. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या अंकुराची वाढ थोडी थोडी टिपून ती काही क्षणांत दाखवली होती. काळ लांबवता येतो, आखडता येतो, हे त्यांनी कुंडीतल्या एका रोपावर सिद्ध केले. आणि आमच्या मुलांनी मोबाइलवर नेमके हेच पुन्हा केले. विज्ञानाच्या बाईंनी ते वर्गात वापरलेही.

आता शिंदे यांच्याविषयी. 'शोले'तल्या त्या गाडीच्या प्रसंगाचे चित्रीकरण मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलच्या परिसरात झाले आणि त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. सात आठवड्यांचे चित्रीकरण आणि पडद्यावर काही मिनिटे. उरलेले गेले कोठे? ते संकलकाच्या टेबलावर गळून पडले. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे एका माणसाने, एका अंधाऱ्या खोलीत, फितीचे तुकडे हाताने कापून जोडत ठरवले. 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला. तो दिग्दर्शनाचा नव्हता, अभिनयाचा नव्हता. तो संकलनाचा होता, शिंदे यांचा. 2012 साली त्यांचे निधन झाले. ज्यांना त्या चित्रपटातले संवाद तोंडपाठ आहेत, अशा कितीतरी जणांना हे नाव ठाऊक नाही. मलाही त्या श्रेयनामावलीपूर्वी ते माहीत नव्हते.

मुलांनी मग आपला लघुपट नव्याने चित्रित केला. या वेळी आरंभी सायकली नव्हत्या. रिकामे मैदान, फाटकाजवळ कुलूप नसलेली एक सायकल आणि घंटा वाजण्याची वाट पाहणारा शिपाई. संकलनाचे काम कोणी घ्यावे असा प्रश्न आला तेव्हा एका मुलाने हात वर केला. तो वर्गात फारसा बोलत नाही. त्याच्या निबंधांवर मी वर्षभर एकच शेरा मारत आले होते, 'मुद्दे सुटतात, विस्तार करा.' त्याने बावीस मिनिटांचे चित्रण घेतले आणि तीन मिनिटांचे केले. कोणाला कोणाचा तुकडा कापला म्हणून राग आला, भांडण झाले, पण त्याने प्रत्येक वेळी एवढेच विचारले की हा तुकडा काढला तर गोष्ट कळणे थांबते का? थांबत नसेल तर तो जाईल. मी ते तीन मिनिटांचे काम पाहिले आणि त्याच्या जुन्या वह्या पुन्हा काढून बसले. त्याचे मुद्दे सुटत नव्हते. तो नको ते सोडून देत होता, आणि मला ते वाचता आले नव्हते. त्याच्यापाशी मी ही चूक कबूल केली आहे. आज आपल्यापाशीही करते.

दैनंदिनीतल्या त्या दोन ओळी त्याच मुलाच्या वडिलांच्या होत्या. ते येथल्या एका कारखान्यात कुशल कामगार आहेत. लघुपट दाखवला त्या दिवशी ते ड्युटी संपवून आले आणि शेवटपर्यंत बसले. मुलाने अभियंता व्हावे हे त्यांचे मत कायम आहे आणि त्यांना तो अधिकार आहे. जाताना त्यांनी मुलाला एक प्रश्न विचारला, तो मी ऐकला: "अरे, काय टाकायचं हे तुला कसं कळलं?" धातूवर काम करणारा माणूसच असा प्रश्न विचारू शकतो. त्या प्रश्नाला मुलाने काय उत्तर दिले हे मी ऐकले नाही. ते ऐकण्याचा हक्क माझा नव्हता.

माजी विद्यार्थ्यांनो, मराठी शाळेत शिकून मुलांचे पुढे काय होणार, हा प्रश्न मला प्रवेशाच्या दिवसांत हमखास विचारला जातो. नर्मदेच्या काठी, महाराष्ट्रापासून दूर, हा प्रश्न अधिकच टोचतो, कारण दरवर्षी काही घरे तो विचारून दुसऱ्या शाळेकडे वळतात. यावर माझ्याकडे आकडे नाहीत, घोषणाही नाही. मी एवढेच पाहिले आहे की नीट पाहणे, नेमके सांगणे आणि नको ते सोडणे ही विद्या मुलाच्या अंगी त्याच्या भाषेत लवकर मुरते. ती एकदा मुरली की ते मूल पुढे यंत्र जोडो, खटला लढवो वा चित्रफीत कापो, ती त्याच्यापाशी राहते. पुण्याला प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 साली चित्रपट शिक्षणाची शासकीय संस्था सुरू झाली. जबलपूरला जन्मलेल्या जया भादुरी तेथेच शिकल्या. ती वाट आपल्या गावातूनही जाते, इतके मुलांना ठाऊक असावे.

शेवटी आपणा सर्वांकडे एक मागणे आहे. आज दुपारी ही मुले मोबाइल घेऊन आपल्याकडे येतील आणि शाळेची एक आठवण विचारतील. संकोच करू नका. साठ वर्षांच्या आठवणींतून त्यांना शाळेचा एक लहानसा चित्रपट करायचा आहे. बरेच काही चित्रित होईल आणि त्यातले बरेच गळेल. कोणाचा तुकडा गळला तर कृपया राग मानू नये, ज्याने तो कापला त्याने विचार करून कापला असेल. त्या चित्रपटाचे पहिले दृश्य कोणते असावे यावर वर्गात अजून एकमत नाही. कोणी शाळेचे फाटक म्हणते, कोणी घंटा, कोणी मधल्या सुट्टीतली पाण्याची टाकी. मी मत दिलेले नाही. आपणच विचार करून पाहा की आपल्या मनातली शाळा कोणत्या दृश्याने सुरू होते, आणि ते जाऊन मुलांना सांगा.